मीठ खडेच पाहिजे

नववीच्या चाचणीचा मराठीचा पेपर दर वर्षी मीच काढते. त्यात 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' असा पाच मार्कांचा प्रश्न असतो. लिहितावाचता येणारा तो साक्षर, देव न मानणारा तो नास्तिक, असलं सगळं. यंदा चार शब्दसमूह नेहमीचे लिहिले आणि पाचवा रागाच्या भरात लिहून टाकला : माहीत नसताना माहीत असल्याचं सोंग करणारा. पेपर छापून आला, वाटला, पोरांनी लिहिलासुद्धा. मंग परीक्षेचं बघणारे सर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "म्याडम, नमुना उत्तरात पाचवं कोरंच सोडलं तुम्ही."

सोडलं नव्हतं. मला येतच नव्हतं.

"पेपर काढणारीलाच उत्तर येत न्हाई, तर पोरांना मार्क कशाचे द्यायचे?" सर म्हणाले. मी म्हणाले, जे लिहिलं असंल त्याला द्या. बहुतेकांनी दीडशहाणा लिहिलं होतं, काहींनी ढोंगी. एका मुलीनं 'आमचे मामा' असं लिहिलं होतं. तिला मी पूर्ण मार्क दिले.

हा शब्द मी तीस वर्षं शोधून राह्यले. वर्गात मी शुद्ध बोलते, पण राग आला की जालन्याचं बाहेर येतं, आणि हे सगळं मी रागातच लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या. दीडशहाणा चालत नाही, कारण त्याच्यापाशी निदान एक शहाणपण असतं, वरचं अर्धं तेवढं जास्तीचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणाऱ्याकडे अर्धं का होईना, हळकुंड असतं. थापाड्याला आपण थापा मारतोय हे पक्कं ठाऊक असतं आणि त्याची त्याला मजा येते. आमच्याकडची जुनी माणसं 'नीम हकीम खतरे जान' म्हणायची; पण नीम हकीम म्हणजे अर्धा हकीम, परत तेच अर्धं. ज्याच्यापाशी अर्धं नाही, पाव नाही, आणि तरी जो ठामपणे मान हलवतो, त्याला काय म्हणायचं?

हा प्रश्न पडला की माझ्या डोळ्यांपुढे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला एकच माणूस येतो. माझे दाजी. थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. जालन्यात एका सरकारी कचेरीत होते, आता रिटायर झालेत. त्यांची रीत ठरलेली. तुम्ही तोंड उघडायचा अवकाश, ते डोळे बारीक करून मान हलवायला लागतात. तुमचं वाक्य अर्ध्यावर असतानाच म्हणतात, "हां, हां. बराबर." आणि तुमचं संपलं की एक बोट वर करून म्हणतात, "पण त्याच्यात एक बारीक गोष्ट आहे." ती बारीक गोष्ट त्यांनी त्याच क्षणी बनवलेली असते, आणि ऐकणाऱ्याला नेमकी तीच पटते. खोटं बोलणारा माणूस एवढ्या बारकाव्यात कशाला शिरंल, असं आपल्याला वाटतं.

एकदा मी मुद्दाम म्हणाले, "दाजी, वाटूरच्या पुढं एक जुनं लेणं सापडलंय म्हणे." असलं काही लेणं नाही, ते मी भाकरी थापता थापता तयार केलं होतं. "हां, हां," दाजी म्हणाले, "मी गेल्तो की मागच्या दिवाळीत. पण त्याच्यात एक बारीक गोष्ट आहे. नाकाला रुमाल लावून जावं लागतं, वटवाघळाची घाण लई." माय आणि मी चुलीपाशी पदर तोंडात कोंबून हसलो. अक्का हसली नाही. ती रिकामी ताटं उचलून मोरीकडे गेली. मला तेव्हा तिचाही राग आला.

मी त्यांना एवढं का पाण्यात पाहायचे तेही सांगते, उगाच साळसूदपणा कशाला. मी तेवीस वर्षांची असताना मला एक स्थळ आलं होतं. मुलगा अंबडला शिक्षक होता. बघायला आला तेव्हा स्वयंपाक येतो का हे त्यानं विचारलं नाही, काय वाचता हे विचारलं. मला तो आवडला होता, एवढं साधं आहे ते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दाजींना सहज विचारलं, घर कसंय हो त्यांचं? दाजींना त्या घराचं दार कुठल्या तोंडाला आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले. "घर चांगलं आहे. पण त्याच्यात एक बारीक गोष्ट आहे. त्यांच्यात कोड आहे. पोराच्या आत्याला."

स्थळ मोडलं. वर्षभरानं कळलं, त्या मुलाला आत्याच नव्हती. तोवर त्याचं लग्न होऊन गेल्तं. मी दाजींना तोंडावर विचारलं तर म्हणाले, "मंग मावशीला असंल." त्यानंतर मी कुणापुढे पाटावर बसले नाही. आमच्या घरात जावई तो एकच उरला आणि त्याचा मान डबल झाला.

त्याच वर्षी आबांनी मोसंबी लावली. वडीगोद्रीहून आत आमचं रान आहे, तिथं दीडशे झाडं. कुणासाठी लावली ते कधी बोलले नाहीत. पण सुट्टीत गावी गेले की मला म्हणायचे, "तुझ्या बागंला पाणी देऊन आलो." मी "बरं" म्हणायचे. दर वर्षी पोतंभर मोसंबी जालन्याला यायची, मी शाळेत वाटायचे, आणि मोसंबीशी माझा संबंध तेवढाच.

आबा आता नाहीत, म्हणून हे लिहायला हात धजतोय.

मोसंबीला फुलवायचं तर आधी तिला तहानेनं मारावं लागतं. महिना-दीड महिना पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड आता जातंय असं वाटायला लागतं, आणि त्याच वेळी पाणी सोडलं की ते बहरतं. याला ताण देणं म्हणतात, आणि पाणी सोडण्याला ताण तोडणं. आबांच्या बागेला दोन वर्षं ताण देऊनही धड फूल निघालं नव्हतं. झाडं म्हातारी झाली होती. "यंदा बी न्हाई फुटली तर बाग काढून टाकावी लागंल," ते मला फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. मी "हो का" म्हणाले, कारण मी वह्या तपासून राह्यले होते.

त्या साली अधिक महिना ऐन उन्हाळ्यात, जेठात आला. अधिकात जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत सगळीकडेच आहे. आमच्या घरात तिला आजोबांच्या वेळेपासून एक शेपूट होतं. धोंड्याच्या ताटावर बसून जावई जे बोलंल ते खाली पडू द्यायचं नाही. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. एका आत्याच्या मालकांनी भरल्या ताटावरून नुसतं म्हटलं होतं, "अंगणात ही बाभळ बरी दिसत न्हाई," तर आजोबांनी दिवस मावळायच्या आत ती बाभळ तोडली होती. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आबांनी दाजींचे पाय धुतले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसला, आणि दाजी दोन्ही पाय परातीत सोडून मोबाइल बघून राह्यले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लेण्यासारखी किरकोळ थाप आता पुरणार नव्हती. भावकीतले चार जण पंगतीला होते. त्यांच्यासमोर ह्या माणसाचं सोंग असं उघडं पाडायचं की परत मान हलवताना त्याला आठवण झाली पाहिजे.

मी पंगतीत मीठ वाढत होते, म्हणून मीठ सुचलं. लिंबू वाढत असते तर लिंबू म्हणाले असते.

"आबा," मी म्हणाले, "मी एका पुस्तकात वाचलं. बाहेरच्या देशात मोसंबीचा ताण तोडताना पहिल्या पाण्याबरोबर बुडाशी मीठ देतात म्हणे. बहार दुप्पट फुटतो."

पुस्तक नव्हतं आणि देशही नव्हता. दाजी मान हलवतील, आपली बारीक गोष्ट सांगतील, आणि मंग मी सगळ्यांदेखत म्हणेन की असलं पुस्तकच नाही, मी हे आत्ता मीठ वाढता वाढता बनवलं, असा माझा बेत होता.

दाजींनी डोळे बारीक केले. "हां, हां. बराबर. आपण नारळाला घालतोच की मीठ, तेच शास्त्र. पण त्याच्यात एक बारीक गोष्ट आहे. मीठ खडेच पाहिजे. बारीक बिलकुल चालत न्हाई. झाडामागं दोन किलो."

आबांचा घास हातात थांबला होता. ते आधी दाजींकडे आणि मंग माझ्याकडे बघत होते.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का दिसली. धोंड्यांचं ताट घेऊन ती दारात उभी होती. तिला कळलं होतं. तिनं मान अगदी जराशी हलवली, नको म्हणून. मी गप्प बसले. अक्काची दया आली म्हणून गप्प बसले, असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. माझ्या मनात आलं, आत्ता सांगितलं तर लोक दोन मिनिटं हसतील आणि विसरतील. पण मीठ घालून दोन-चार झाडं वाळली, तर ह्या माणसाला जन्मभर विसरू देणार नाहीत. दोन-चार झाडांत एवढं होत असेल तर सौदा स्वस्त आहे, असं मला वाटलं. हे असंच वाटलं होतं, शब्द न शब्द.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला परत आले. तिसऱ्या दिवशी मायचा फोन आला. "आबा वडीगोद्रीला गेल्ते मिठाला," ती म्हणाली. "दुकानातला शेठ हसला म्हणं. सहा पोती खडेमीठ कशाला, लोणच्याचा कारखाना काढता का म्हणला."

सहा पोती म्हणजे दीडशे झाडांचा हिशोब, हे मला लगेच कळलं. तरी मी मनाला समजावलं, आणलं म्हणून काय झालं, आधी एखाद्या झाडाला करून बघतील. ताण सगळ्या बागेचा एकदमच तोडावा लागतो, करून बघण्यात चार दिवस गेले की बहार हातचा जातो, हे मला माहीत नव्हतं. वीस-बावीस वर्षं त्या बागेची मोसंबी खाल्ली आणि एवढंसुद्धा माहीत नव्हतं. "माय, आबांना म्हणावं जरा थांबा," हे पाच शब्द माझ्या तोंडात आले होते. मी म्हणाले, "बरं." आणि तिचे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

पंधरा दिवसांनी मायनं बोलावून घेतलं. फोनवर काही बोलली नाही, फक्त ये म्हणाली.

झाडांवर पानं राहिली नव्हती. ती खाली बुडाभोवतीच्या आळ्यांत पडली होती, कडेनं जळून करपलेली. आळ्यांवर पांढरी खपली धरली होती. शेंडे वरून काळे पडत खाली वाळत आले होते. दीडशेच्या दीडशे. आबा एका झाडाच्या बुडाशी बसले होते. त्यांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले, उठले, आणि पुढच्या झाडापाशी जाऊन बसले. तिथलीही माती जिभेवर ठेवली. किती झाडांची माती त्यांनी चाखली कोण जाणे. त्यांचे ओठ फुटले होते.

दुपारी दाजी आले, अक्काला घेऊन. भावकीतले तेच चौघं आले होते, पंगतीतले. म्हणजे मला पाहिजे होते ते सगळे जमले होते. माझे एक चुलते म्हणाले, "दाजी, तुम्ही तर म्हणले होते बराबर म्हणून. हे काय झालं मंग?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "हिनं वाचलं होतं, मी नुसता हो म्हणलो," एवढंच ते बोलले असते तर सुटले असते आणि मी मेले असते. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण ते बोलायचं तर आधी 'मला माहीत नव्हतं' हे बोलावं लागणार होतं. ते त्या माणसाला येत नव्हतं. त्यांना घाम फुटला होता, सदरा पाठीला चिकटला होता, तरी त्यांनी डोळे बारीक केले.

"त्याच्यात एक बारीक गोष्ट होती, आबा," ते म्हणाले. "पाणी चढतं द्यायला पाहिजे होतं. तुम्ही कमी दिलं."

"असंल," आबा म्हणाले.

ज्या सोंगावर मी आयुष्यभर दातओठ खाल्ले त्याच सोंगानं मला वाचवलं होतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. गाडीत बसायच्या आधी अक्का माझ्याजवळ आली. "झालं तुझ्या मनासारखं?" एवढं हळूच म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

उन्हं उतरल्यावर आबा आणि मी बांधावर बसलो. मायनं दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला होता. मला गप्प बसवेना. मी म्हणाले, "आबा, जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई म्हणून अख्खी बाग घालवायची का? त्यांना काय कळतं मोसंबीतलं?" म्हणजे तेव्हासुद्धा मी दाजींच्याच माथी मारत होते.

आबा जरासे हसले. "त्याला काय कळतंय हे मला ठावं न्हाई व्हय?" ते म्हणाले. "त्याचं मी एकदाच ऐकलं. तुझ्या स्थळाच्या वेळंला. तव्हापासून त्याचं काहीच ऐकलं न्हाई. ताटावर मान म्हणून हो म्हणायचं, दुसऱ्या दिवशी सोडून द्यायचं."

"मंग मीठ का घातलं?"

"तू म्हणलीस की पुस्तकात वाचलं." त्यांनी पायाखालचं एक ढेकूळ फोडलं. "तू शिकलेली. पोरांना शिकवतीस. आन् बागंबद्दल तू आजवर कधी चकार शब्द बोलली न्हाईस. मला वाटलं, माझं फोनवरचं ऐकून माझ्यासाठी कुठं हुडकून वाचलं असंल पोरीनं. म्हणून घातलं."

समोर वाळलेल्या झाडांची रांग दिसत होती. मंग त्यांनी विचारलं, "वाचलं व्हतंस ना तू?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, मातीकडे बघत होते. मला खरं बोलायला सोपं जावं म्हणूनच त्यांनी तोंड वळवलं असणार, आबांचा स्वभावच तसा होता. रागावले नसते. एका शब्दानं रागावले नसते. माझे डोळे तेव्हा बारीक झाले होते का, ते मला सांगता येणार नाही.

"हो आबा," मी म्हणाले. "वाचलं होतं. पण त्याच्यात एक बारीक गोष्ट होती. तिकडची माती वेगळी असते."

"असंल," आबा म्हणाले.